बॅटमॅन नेमका कुणाच्या बाजूचा?

'द डार्क नाइट' हा बॅटमॅनचा सिनेमा जुलै २००८मध्ये आला, तेव्हा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या कारकिर्दीचे शेवटचे काही महिने उरले होते. लगेच वादाला तोंड फुटलं. लेखक अँड्र्यू क्लॅवन यांनी 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये मांडलं की हा बॅटमॅन म्हणजे बुशच: दहशतीशी लढताना मर्यादा ओलांडणारा आणि वर शिव्याही खाणारा!

मला हे अर्धंच पटतं. मर्यादा ओलांडण्याचे दोन प्रसंग आठवा.

👉 चौकशीच्या खोलीत बॅटमॅन खलनायक जोकरला बेदम मारतो. जोकर ओलीस ठेवलेल्या दोघांचे पत्ते सांगतो, पण अदलाबदल करून. त्यात बॅटमॅनच्या मैत्रिणीचा, रेचेलचा जीव जातो. म्हणजे मारहाणीतून सत्य बाहेर आलंच नाही.

👉 गॉथम शहरातल्या सगळ्या फोनवर पाळत ठेवणारं यंत्र. बॅटमॅनचा सहकारी लुशियस फॉक्स बजावतो, हे यंत्र असेपर्यंत मी इथे काम करणार नाही. शेवटी ते नष्ट होतं. पण गंमत अशी, की जोकर सापडतो तो त्याच यंत्रामुळे!

दिग्दर्शक नोलननं एका हातानं दिलं आणि दुसऱ्यानं काढून घेतलं. म्हणून तर बुशच्या समर्थकांना आणि विरोधकांना, दोन्ही बाजूंना हा सिनेमा आपलाच वाटतो.

तुम्हाला काय वाटतं? फॉक्सच्या जागी तुम्ही असता, तर ते यंत्र एकदा तरी चालवलं असतं का?