डब्ल्यूडीएम-२ वर्गाचीं डिझेल-विद्युत् एंजिनें : कुळ, क्रमांक व पाठभेद

इतिहाससाधन म्हटलें कीं ताम्रपट, शिलालेख, बखर, दप्तर व नाणें हींच डोळ्यांपुढें उभीं राहतात. त्यांच्या पंक्तीस ११२.८ टन वजनाचें लोखंडी एंजिन बसवावें, हें कित्येकांस विचित्र वाटेल. तथापि ज्या वस्तूवर अंक घातलेला आहे, जिच्यांत उत्तरकालीन हातांनीं फेरफार केले आहेत आणि जिची मूळ परंपरा परदेशीं खुंटली आहे, तिच्या परीक्षेस आमच्याच शास्त्राचे नियम लागतात. भारतीय रेल्वेचा डब्ल्यूडीएम-२ हा वर्ग याचें उत्तम उदाहरण आहे.

प्रथम नांवाचा उलगडा करूं. पहिलें अक्षर रुळांच्या अंतराचें. ‘डब्ल्यू’ म्हणजे १६७६ मिलिमीटरांचा ब्रॉडगेज, ‘वाय’ म्हणजे मीटरगेज. ‘झेड’ व ‘एन’ हीं नॅरोगेजच्या दोन प्रकारांचीं चिन्हें होत. नेरळ-माथेरान मार्गावरील एनडीएम-१ या नांवांत हाच ‘एन’ आहे. दुसरें अक्षर ‘डी’ हें डिझेलचें. तिसरें ‘एम’ हें मिश्र कामाचें, म्हणजे उतारूंची व मालाची अशा दोन्ही गाड्या ओढणाऱ्या एंजिनाचें. शेवटचा अंक त्या मालिकेंतील अनुक्रम दाखवितो.

‘डिझेल-विद्युत्’ या जोडशब्दाचा अर्थही नीट ध्यानांत घेतला पाहिजे. यांतील तेलयंत्र स्वतः चाकें फिरवीत नाहीं. त्याचीं १६ सिलिंडरें दोन तिरप्या ओळींत मांडलेलीं असून त्यांची शक्ति २६०० अश्वबळ आहे. हें यंत्र जनित्र फिरवितें. जनित्राची वीज सहा मोटरांस मिळते. आणि प्रत्येक आंसास एक याप्रमाणें त्या मोटरा चाकांस गति देतात. असा द्राविडी प्राणायाम कां, असें कोणी विचारील. तेलयंत्र स्थिर उभें असतां ओढ देऊं शकत नाहीं. उलट या जातीच्या विजेच्या मोटरेची ओढ आरंभींच सर्वांत अधिक असते. उभी मालगाडी हलविण्यास नेमकी हीच ओढ हवी असते. चालक आठ खांचांच्या मुठीनें यंत्राची शक्ति कमीअधिक करतो. एंजिनाचा परमवेग ताशीं १२० किलोमीटर ठरलेला होता.

आतां वंशाकडे वळूं. सन १९६२ च्या सुमारास अमेरिकेंतील दोन कारखान्यांचीं सारख्याच शक्तीचीं एंजिनें भारतांत आलीं. जनरल मोटर्सचीं ७२ एंजिनें डब्ल्यूडीएम-४ म्हणून ओळखलीं गेलीं. अ‍ॅल्कोचीं तीं डब्ल्यूडीएम-२. अ‍ॅल्कोनें निर्मितीची विद्या देण्याचें मान्य केल्यामुळें तिच्याच नमुन्यास येथें वंशविस्तार लाभला. त्यासाठीं वाराणसी येथें सन १९६१ मध्यें डिझेल एंजिनांचा कारखाना स्थापन झाला, व जानेवारी १९६४ मध्यें तेथील पहिलें एंजिन बाहेर पडलें. पुढें सन १९६९ मध्यें खुद्द अ‍ॅल्कोनेंच एंजिनें बांधणें बंद केलें. वाराणसीस मात्र हा वर्ग १९९० नंतरही निघत राहिला, व त्याची एकंदर संख्या अडीच हजारांहून अधिक झाली. मूळ पीठ उजाड व्हावें आणि दूरच्या शाखेंत पोथीच्या नकला पिढ्यान्‌पिढ्या होत राहाव्या, तशांतलाच हा प्रकार आहे.

संशोधकास खरा चकवा मिळतो तो क्रमांकांत. चढता अंक म्हणजे उत्तरकाल, असा आपला सहज ग्रह असतो. येथें तो खोटा ठरतो. या वर्गाचा आरंभ १८०४० या क्रमांकापासून झाला. अठरा हजारांच्या मालिकेनंतर सतरा हजारांची व तिच्यामागून सोळा हजारांची मालिका आली. म्हणजे १६ हजारांतील एंजिन हें १८ हजारांतील एंजिनाचें पूर्वज नसून वंशज आहे. एखाद्या छायाचित्राचा काळ ठरवितांना हें न जाणणारा मनुष्य सहज वीसपंचवीस वर्षांनीं चुकेल.

दुसरा चकवा प्रत्ययांचा. ‘२ए’ म्हणजे मूळ निर्वात ब्रेकाच्या एंजिनास मागाहून हवेच्या दाबाचा ब्रेक जोडलेला. ‘२बी’ म्हणजे तो जन्मतःच असलेला. परंतु सन १९९४ पासून निघालेल्या ३१०० अश्वबळाच्या ‘२सी’ एंजिनांस पुढें ‘३ए’ हें नांव मिळालें, व या नव्या पद्धतींत ‘३’ म्हणजे तीन हजार आणि ‘ए’ म्हणजे वरचे शंभर अश्वबळ! एकच अक्षर एके ठिकाणीं ब्रेक सांगतें, दुसरीकडे शक्ति. यांत भर अशी कीं डब्ल्यूडीएम-३ नांवाचीं ८ जर्मन एंजिनें पूर्वीं येऊन गेलीं होतीं. तीं विद्युत्-प्रेषणाचीं नव्हतींच, त्यांत शक्ति द्रवाच्या योगें चाकांस पोंचत असे. नामसादृश्यावरून कुळ जोडण्याचा मोह येथेंही आवरावा लागतो.

तिसरी गोष्ट पुनर्लेखनाची. अनेक जुनीं एंजिनें पतियाळा येथील कारखान्यांत पुन्हां बांधून ३१०० अश्वबळाचीं करण्यांत आलीं. अशा एंजिनाचा क्रमांक जुना राहून त्यापुढें ‘आर’ हें अक्षर येतें. खरडून पुन्हां लिहिलेल्या चर्मपत्रासारखी ही स्थिति होय. अंक एका काळाचा आणि अंतरंग दुसऱ्या काळाचें असतें. म्हणून क्रमांक, वर्गनाम, निर्मात्याची पट्टी व अंगावर रंगविलेलें शेडचें नांव हीं चारही एकत्र वाचल्याशिवाय निर्णय देऊं नये. यांपैकीं शेडचें नांव, मग तें पुणें असो वा कल्याण, एंजिनाचा जन्म सांगत नाहीं. तें केवळ त्या वेळचा मुक्काम सांगतें.

हा विचार आजच करण्याचें कारण उघड आहे. मार्गांच्या विद्युतीकरणानें या वर्गाची बहुतेक एंजिनें मोडींत निघालीं. पहिलें, १८०४० क्रमांकाचें, नवी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत सुरक्षित आहे. पण एका प्रतीवरून पाठपरंपरा सिद्ध होत नाहीं. एंजिन वितळलें म्हणजे पट्टी सुटी होते आणि दुरुस्तीच्या वह्या रद्दींत जाण्याचें भय असतें. कोणत्या वर्षीं कोणता भाग बदलला, हें त्या वह्यांवांचून अन्यत्र मिळणें कठीण. प्राप्तिस्थान न नोंदलेला ताम्रपट जसा अर्धा मुका, तशीच एंजिनाचा क्रमांक व शेड यांच्या टिपणावांचून संग्रहांत पडलेली पितळी पट्टी. आमच्या संग्राहक बंधूंनीं पट्टीबरोबर तिची नोंद व वहीबरोबर तिचें मुखपृष्ठ जपावें. लोखंड जपणें आपल्या हातीं नाहीं. त्याचें दप्तर जपणें मात्र आहे.