पावसाचं गणित

मृग नक्षत्र जवळ आलं की घराघरांत एकच विषय असतो : यंदा पाऊसपाणी कसं? आजोबा पंचांग उघडून नक्षत्राचं वाहन बघतात. बेडूक किंवा हत्ती निघाला तर आजोबा खूश, उंदीर निघाला तर कपाळाला आठ्या! तिकडे बातम्यांत हवामान खातं सांगतं, ‘यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस.’ त्या आकड्यावर कुणी बियाणं घेतं, कुणी कर्ज काढतं. पावसानं दडी मारली तर दुबार पेरणी नशिबी येते. मग हा आकडा येतो तरी कुठून? आणि त्यावर भरवसा किती ठेवायचा?

दुष्काळानं विचारलेला प्रश्न

आपल्या देशाचं हवामान खातं १८७५ साली सुरू झालं. लगेच १८७६ ते १८७८ या काळात महादुष्काळ पडला. मुंबई आणि मद्रास इलाख्यांत लाखो माणसं दगावली. खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांच्यापुढे प्रश्न आला : हे आधी कळलं असतं तर? त्यांनी जुन्या नोंदी चाळल्या. हिमालयावर बर्फ जास्त पडलं की पुढचा पावसाळा बेताचा जातो, असं त्यांना दिसलं. त्या आधारावर १८८६ पासून दरवर्षी अंदाज देणं सुरू झालं. पण पुढे १८९९ साली अंदाज साफ फसला आणि पुन्हा भीषण दुष्काळ आला.

१९०४ साली गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख झाले. हे होते केंब्रिजचे गणिती. बूमरँग फेकण्याचा त्यांना भारी नाद, म्हणून मित्र त्यांना ‘बूमरँग वॉकर’ म्हणत! त्यांनी काय केलं? वहीत दोन रकाने आखा. एकात दरवर्षीचा पाऊस, दुसऱ्यात दरवर्षीचा मॉरिशसचा हवेचा दाब. वर्षानुवर्षांच्या आकड्यांच्या अशा रांगेला संख्याशास्त्रात ‘कालश्रेणी’ म्हणतात. आता बघा, एक आकडा चढला की दुसरा चढतो का, की उतरतो? जगभरच्या ठिकाणांचे असे रकाने वॉकर यांनी एकमेकांशी ताडून पाहिले. तेव्हा संगणक नव्हते. कारकून मंडळी दिवसचे दिवस हातानं आकडेमोड करत.

त्यातून १९०९ साली एक सूत्र तयार झालं. हिमालयाचं बर्फ, मॉरिशस आणि दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाब, झांझिबारचा पाऊस हे चार घटक घालायचे आणि आपल्या पावसाचा अंदाज काढायचा. पुढे वॉकर यांना आणखी एक गंमत सापडली. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराकडे तो कमी होतो. अगदी बागेतल्या सी-सॉसारखा! आज आपण ‘एल निनो’ हा शब्द ऐकतो ना, त्याचं याच सी-सॉशी नातं आहे.

वॉकर शिमल्याहून काम बघत. १९२८ साली खात्याचं मुख्य कार्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. पुण्यातल्या त्या इमारतीला लोक अजून ‘शिमला ऑफिस’च म्हणतात!

सोळा घटक आणि एक धक्का

१९८८ साली नवं सूत्र आलं. आपले पुण्याचे शास्त्रज्ञ डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांचे सहकारी यांनी ते बसवलं. त्यात चार नव्हे, सोळा घटक होते. एकामागून एक वर्षं गेली आणि अंदाज बरोबर येत राहिले.

मग उजाडलं २००२. अंदाज होता १०१ टक्के. ऐन जुलैत पाऊस निम्म्यावर आला. हंगाम संपला तेव्हा आकडा होता फक्त ८१ टक्के! देशभर दुष्काळ पडला.

असं का झालं? समजा, एका मुलानं मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका घोकल्या. त्यांतलाच प्रश्न विचारला तर पैकीच्या पैकी मार्क. नवा प्रश्न आला की मात्र गाडी अडली! सूत्राचंही तसंच असतं. घटक वाढवत नेले की सूत्र मागच्या वर्षांशी छान जुळतं. पण शंभर रकाने ताडले तर दोन-चार निव्वळ योगायोगानंही जुळतात. शिवाय काही खरी नातीही काळाबरोबर सैल होतात.

दुसरी गोष्ट तर आणखी मजेदार. १९८९ ते २००१ अशी सलग १३ वर्षं देशात पाऊस सर्वसाधारणच होता. म्हणजे डोळे मिटून दरवर्षी ‘यंदा सर्वसाधारण’ म्हणणारा माणूसही १३ वेळा बरोबर ठरला असता! सूत्राची खरी परीक्षा २००२ सालीच झाली.

म्हणून शास्त्रज्ञ काही वर्षं मुद्दाम झाकून ठेवतात. उरलेल्या वर्षांवर सूत्र बसवायचं आणि झाकलेल्या वर्षांवर तपासायचं. २००३ साली नवी सूत्रं आली, २००७ पासून अनेक सूत्रांचा मेळ घालणं सुरू झालं. आता पुण्याच्या पाषाण भागातल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत महासंगणकावर समुद्र आणि हवा यांचंच गणित मांडतात. अंदाजाबरोबर चुकीची शक्यताही सांगतात. २०२४ च्या एप्रिलमधला अंदाज होता १०६ टक्के, पाच टक्के इकडे-तिकडे. पाऊस झाला सुमारे १०८ टक्के. पण हा आकडा सगळ्या देशाचा असतो, बरं का! आपल्या शिवारात काय होईल ते त्यावरून कळत नाही.

तुम्हीही करून बघा

वर्तमानपत्रातून आपल्या गावाचं किंवा जवळच्या शहराचं कमाल तापमान रोज वहीत लिहा. आठवड्यानंतर रोज संध्याकाळी उद्याचे दोन अंदाज करा. पहिला : उद्याही आजच्याइतकंच. दुसरा : गेल्या सात दिवसांची सरासरी. अंदाज पेनानं लिहायचे, खोडाखोड बंद! दुसऱ्या दिवशी किती अंशांनी चुकलो ते मांडा. महिनाभरानं चुकांची बेरीज करा. ज्याची बेरीज कमी, तो नियम जिंकला. मग तिसरा नियम स्वतः शोधा. त्यानं या दोघांना हरवलं तरच तो कामाचा.

ताई-दादांना हेच संगणकावर करायचं असेल तर ‘आर’ नावाची संगणकभाषा फुकट मिळते. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती बनवली. दोघांच्याही नावाचं पहिलं अक्षर ‘आर’, म्हणून भाषेचं नाव ‘आर’! हजारो आकड्यांची कालश्रेणी ती चुटकीसरशी तपासते.

आणि पुढच्या वेळी कुणी छातीठोकपणे म्हणालं, ‘माझा अंदाज कधी चुकत नाही,’ तर एवढंच विचारा, ‘आधी लिहून ठेवला होता का?’