वृक्षछाटणीतील सुरक्षित कार्यपद्धती आणि साधनसामग्री : एक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शहरांत दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत रस्त्याकडेच्या आणि आवारांतील झाडांची पावसाळापूर्व छाटणी सुरू होते. कमरेला कोयता खोचून, अनवाणी पायांनी, सोबत एखादा नायलॉनचा दोर घेऊन गुलमोहराच्या किंवा पर्जन्यवृक्षाच्या शेंड्याकडे चढणारा मजूर हे या दिवसांतील परिचित दृश्य होय. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये झाड तोडण्यासाठी पूर्वपरवानगी आवश्यक असते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा देण्यात आला. झाडाची काळजी कायद्याने घेतली, हे योग्यच झाले. मात्र झाडावर चढणाऱ्या माणसाची सुरक्षितता हा त्या अधिनियमाचा विषय नाही. आणि प्रत्यक्ष व्यवहारातही परवानगीचा कागद हाती आला की पुढचे सारे कंत्राटदाराच्या मुकादमावर सोडले जाते.

पाश्चात्त्य देशांत वृक्षशल्यकर्म हा स्वतंत्र, प्रशिक्षणाधिष्ठित व्यवसाय मानला जातो. अमेरिकेत या कामाच्या सुरक्षिततेचे ‘झेड १३३’ हे मानक १९७२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. ब्रिटनमध्ये उंचीवरील कामांसाठीचे २००५ चे नियम झाडावरील कामालाही लागू आहेत. या मानकांत हेल्मेट, हार्नेस आणि दोर यांची वर्णने सविस्तर आहेत. तथापि त्यांचा गाभा वस्तूंच्या यादीत नसून निर्णयांच्या क्रमात आहे. प्रस्तुत लेखात हा क्रम आणि त्यात साधनांचे असलेले स्थान यांचे विवेचन केले आहे.

चढण्यापूर्वीचा विचार

ब्रिटिश नियमांचा पहिला प्रश्न असा की, उंचीवर जाणे टाळता येईल काय? लांब दांड्याच्या करवतीने चार-पाच मीटर उंचीवरील फांदी जमिनीवर उभे राहून कापता येते. ते शक्य नसेल तर माणसाला सुरक्षित उभे राहता येईल असा यांत्रिक शिडीचा पाळणा वापरावा, आणि तेही अशक्य असेल तरच दोराच्या आधाराने झाडावर चढावे. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा आहे. पाळण्याच्या गाडीचे भाडे माणसाच्या मजुरीपेक्षा अधिक पडते, म्हणून माणूस आधी चढतो. गाडी आलीच तर काम अडल्यावर येते.

त्यानंतर झाडाचे निरीक्षण करावे लागते. ते मुळांपासून वर करीत जावे. बुंध्याशी उगवलेली टणक, तपकिरी अळंबी ही मुळे किंवा बुंधा आतून कुजत असल्याची खूण असू शकते. लाकडी मोगरीने ठोकल्यावर भरीव व पोकळ भागांचा आवाज वेगळा येतो. फांद्यांच्या बेचक्यातील चिरा, वाळलेली लाकडे, एका बाजूस उचललेली माती यांची नोंद घ्यावी. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ असते. हिरव्यागार दिसणाऱ्या फांदीवरही भार सोपविताना सावधगिरी हवी. महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट पाहणे अगत्याचे आहे, ती म्हणजे आग्या मोहोळ. करवतीच्या आवाजाने व हादऱ्याने माश्या उठल्या तर जमिनीवरची माणसे पळू शकतात. दोराला बांधलेला माणूस पळू शकत नाही.

विजेच्या तारांचा धोका सर्वांत फसवा आहे. ओली फांदी विजेची वाहक असते, आणि तारेला प्रत्यक्ष स्पर्श न होताही उच्च दाबाच्या तारेतून विद्युतप्रवाह जवळच्या वस्तूकडे झेप घेऊ शकतो. अमेरिकेत विद्युत वाहिन्यांजवळच्या कामाचे विशेष प्रशिक्षण नसलेल्या व्यक्तीने ५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारांपासून किमान १० फूट, म्हणजे सुमारे ३ मीटर अंतर राखावे असा दंडक आहे. हे अंतर माणसाच्या शरीरापुरते नसून त्याच्या हातातील करवतीलाही लागू होते. वीजपुरवठा बंद करून घेतला, एवढ्याने काम भागत नाही. परिसरातील एखादे जनित्र चुकीच्या जोडणीमुळे बंद तारेत उलट प्रवाह सोडू शकते. म्हणून वीज कंपनीच्या कर्मचाऱ्याने पुरवठा तोडून तार भूसंपर्कित केल्याची खात्री झाल्यावाचून कोणीही चढू नये. फोनवर मिळालेले ‘लाइट बंद केली आहे’ हे उत्तर ही खात्री नव्हे.

दोर, पट्टा आणि करवत

बांधकामावर वापरला जाणारा सुरक्षा पट्टा आणि झाडावरील कामाचा हार्नेस यांच्या कार्यात मूलभूत फरक आहे. पहिला माणूस पडल्यावर त्याला अडवितो. दुसरा माणसाला पडूच न देता, दोन्ही हात मोकळे ठेवून, दोरावर तोलून धरतो. त्यासाठी दोर सतत ताणलेला आणि त्याचा आधारबिंदू कामकऱ्याच्या वर असावा लागतो. सैल दोराने बांधलेला माणूस मीटर-दोन मीटर खाली येऊन थांबतो तेव्हा त्या झटक्याचा आघात शरीराला सोसावा लागतो. केवळ कमरेचा पट्टा असेल तर तो मणक्यावर आणि पोटातील अवयवांवर येतो. ‘पट्टा लावला होता’ या विधानाने म्हणूनच फारसे काही सिद्ध होत नाही.

दोरावर वर-खाली सरकण्यासाठी घर्षणगाठ वापरतात. ऑस्ट्रियातील गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेली गाठ या प्रकारातील सर्वपरिचित होय. भार आला की ही गाठ दोराला आवळते, भार काढला की सरकते. या गुणातच एक धोका दडलेला आहे. घसरणारा माणूस घाबरून जी वस्तू हाती लागेल ती घट्ट पकडतो. ती वस्तू गाठ असली तर तिची पकड सुटते आणि तो अधिकच वेगाने खाली येतो. अशा वेळी हात सोडणे हे शिकवावे लागते. साधने विकत घेऊन वाटली म्हणजे सुरक्षितता आली, या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर सापडणे कठीण आहे.

मुख्य दोराखेरीज खोडाभोवती घेतलेला दुसरा, आखूड दोर अनिवार्य मानला जातो. चेनसॉ सुरू करण्यापूर्वी शरीर दोन स्वतंत्र ठिकाणी बांधलेले असावे, कारण चालत्या साखळीचा ओझरता स्पर्शही ताणलेल्या दोराला पुरेसा असतो. या आखूड दोराच्या गाभ्यात पोलादी तार घातलेली मिळते. ती कापली जाण्यास विलंब लावते, अभेद्य मात्र नसते. ब्रिटनमध्ये माणसाचा भार वाहणारी अशी साधने दर सहा महिन्यांनी जाणकार व्यक्तीकडून तपासून घेण्याची तरतूद आहे. आपल्याकडे दोर तुटेपर्यंत वापरला जातो, आणि सामान बांधण्याचा व माणूस बांधण्याचा दोर बहुधा एकच असतो.

चेनसॉच्या पात्याच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला टेकला की पाते उसळून कामकऱ्याच्या चेहऱ्याकडे व खांद्याकडे येते. त्यामुळे करवत दोन्ही हातांनी, डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून वळवून धरावी आणि साखळीचा ब्रेक कार्यक्षम असल्याचे रोज पाहावे. हनुवटीचा पट्टा असलेले हेल्मेट, डोळ्यांसमोर जाळी, कानांवर आवाजरोधक आणि जाड तळव्याचे बूट ही सोबतची किमान सामग्री होय. चेनसॉसाठीची विजार जाड कापडाने साखळी अडवीत नाही. तिच्या थरांतील लांब तंतू बाहेर ओढले जाऊन करवतीच्या दातेरी चाकात गुंततात आणि साखळी थांबते. या विजारी साखळीच्या गतीनुसार वर्गीकृत असतात. पहिल्या वर्गाची चाचणी सेकंदाला २० मीटर गतीस होते. मे महिन्यात विदर्भात ही विजार घालून काम होणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. त्यावर उपाय विजार काढण्याचा नसून छाटणी हिवाळ्यात किंवा सकाळच्या प्रहरी उरकण्याचा आहे.

कापण्याची जागा आणि जमिनीवरील माणसे

फांदी तीन कापांत उतरवावी, हे तंत्र झाडाच्या आणि माणसाच्या, दोघांच्याही हिताचे आहे. पहिला काप खोडापासून काही अंतरावर खालून, दुसरा त्याच्या किंचित बाहेर वरून. त्यामुळे फांदी साल न सोलता निखळते. उरलेला खुंट तिसऱ्या कापात फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर वलयाच्या बाहेरून काढावा. हे वलय राखल्यास झाड जखम बंदिस्त करू शकते, हे अमेरिकी वनस्पतिवैज्ञानिक ॲलेक्स शिगो यांनी दाखवून दिले. सरसकट शेंडे उडविण्याची पद्धत याउलट घातक ठरते. तोडलेल्या टोकांशी फुटणारे धुमारे जोमदार दिसतात, परंतु त्यांचा सांधा वरवरचा असतो आणि खालील लाकूड कुजू लागते. काही वर्षांनी त्याच झाडावर चढणाऱ्या मजुराला त्याच धुमाऱ्यांचा आधार घ्यावा लागतो.

ओल्या लाकडाचे वजन सामान्यतः कमी लेखले जाते. घनमीटरला सुमारे १००० किलो धरल्यास ३० सेंटिमीटर व्यासाचा आणि २ मीटर लांबीचा ओंडका जवळजवळ १४० किलोंचा भरतो, आणि तो दोरावर झटक्याने अडविला तर दोरावरील ताण त्याच्या कितीतरी पट होतो. म्हणून पडण्याचे क्षेत्र आखून, दोरी लावून बंद करावे. वरच्याने इशारा द्यावा, खालच्याने प्रतिसाद द्यावा आणि तो ऐकू आल्यावरच शेवटचा काप घ्यावा.

झाडावर जाणाऱ्या माणसाइतकाच महत्त्वाचा असतो तो खाली थांबलेला दुसरा प्रशिक्षित चढणारा. जखमी होऊन हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचून थोड्याच वेळात त्याच्या प्राणावर बेतू शकते. अग्निशमन दलाची वाट पाहण्याइतका अवधी बहुधा नसतो. ब्रिटिश पद्धतीत त्यामुळे एकट्याने चढण्यास वाव नाही. बचावाची साधने व ती वापरणारा माणूस जागेवरच असावा लागतो.

महाविद्यालयाच्या आवाराच्या संदर्भात

अनेक महाविद्यालयांच्या आवारांत जुनी, मोठी झाडे आहेत. हरित लेखापरीक्षणात त्यांची गणना होते, नावांच्या पाट्या लागतात. छाटणीचे काम मात्र दरपत्रके मागवून सर्वांत कमी दराच्या कंत्राटदारास दिले जाते. प्रशिक्षण, साधन आणि विमा यांची सांगड भारतात घालता येत नाही असे नाही. नारळ विकास मंडळाने २०११ पासून केरळात ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ या उपक्रमातून चढण्याचे यंत्र, प्रशिक्षण आणि अपघात विमा एकत्र दिले. छाटणी कामगारांसाठी याच धर्तीवर विचार व्हायला हवा.

तोवर मागणीपत्राच्या मसुद्यात काही अटी घालणे प्राचार्यांच्या व आवार समितीच्या हाती आहे : झाडाचे लेखी निरीक्षण, तारा भूसंपर्कित केल्याची वीज कंपनीची लेखी पोच, प्रत्येक चढणाऱ्यासाठी दोन दोर व योग्य हार्नेस, कामगारांचा विमा, आणि काम सुट्टीच्या दिवशी. बचावासाठी खाली थांबणाऱ्या माणसाची मजुरी दरपत्रकात स्वतंत्र ओळीत मागवावी. ती एकत्रित रकमेत मिसळलेली असेल, तर दर उतरविताना कंत्राटदार सर्वप्रथम त्याच माणसाला वगळतो.