बाळाचा फोटो काढा, पण बाळाच्या सोयीने

हल्ली बाळ जन्मलं की आठवड्याभरातच घरात फोटोची गडबड सुरू होते. टोपलीत पोटावर निजलेलं, उघड्या अंगाचं, डोक्याला फुलांचा पट्टा बांधलेलं बाळ मोबाईलवर दिसतं आणि आपल्यालाही हौस वाटते. हौस जरूर करावी. पण या फोटोंसाठी जे पहिले पंधरा दिवस सांगितले जातात, तेच बाळाचे सर्वांत नाजूक दिवस असतात.

हे दिवस नाजूक का?

या काळात बाळाचं वजन आधी थोडं घटतं, मग हळूहळू भरून येतं. कावीळही याच दिवसांत दिसते. अंगावर चरबी कमी, त्यामुळे उघडं ठेवलेलं बाळ पटकन गार पडतं. गार पडलेलं बाळ नीट दूध ओढत नाही, आणि दूध कमी गेलं की आणखी गार पडतं. अडीच किलोहून कमी वजनाच्या किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला हा धोका जास्त.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. ऊब, स्तनपान आणि जंतुसंसर्गावर वेळेत उपचार, एवढ्यावर नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे काम जगासमोर आलं. आज आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, त्यामागे याच कामाचा धडा आहे. म्हणून १४ व्या दिवशी आशाताईने वजन आणि ताप पाहून ‘बाळ ठीक आहे’ म्हटलं, की मगच फोटोचा दिवस धरा.

फोटोच्या दिवशी

• स्टुडिओसाठी बाळाला दुचाकीवरून हिंगोली-वसमतला नेऊ नका. घरीच, दारा-खिडकीच्या उजेडात फोटो काढा. उन्हाळ्यात सकाळी लवकर काढा. कूलर-पंख्याचा झोत अंगावर नको.
• आधी पोटभर पाजा, ढेकर काढा. पंधरा-वीस मिनिटांत आटोपा. तळपाय गार लागले किंवा बाळ रडलं, की थांबा.
• सर्दी-खोकला असलेल्याने जवळ येऊ नये, फोटोवाल्यानेही. सगळ्यांनी साबणाने हात धुवावेत. भाड्याचे कपडे न धुता घालू नका.
• परात, टोपली, खुर्ची कशातही ठेवा, एका मोठ्या माणसाचा हात बाळाला लागलेलाच हवा.
• हनुवटीखाली हात घेतलेल्या बाळाचा फोटो बहुधा दोन फोटो जोडून केलेला असतो. घरी तसं बसवू नका. मान झुकून श्वास अडू शकतो.
• काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. तीट लावून आजार टळत नाही, लस दिल्याने टळतो.
• फोटो झाला की पट्टा, माळ, धागा काढून बाळाला पाठीवर झोपवा.

सर्वांत चांगला फोटो

आईच्या उघड्या छातीवर बाळ, वरून दुपटं. कमी वजनाच्या बाळासाठी ही कांगारू पद्धत म्हणजे उपचारच आहे. बाबाही असं घेऊ शकतो. टोपलीत बसवायची हौस मात्र बाळ सहा-आठ महिन्यांचं होऊन स्वतः बसू लागलं की भागवा.

बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार पडलं किंवा तापलं, श्वास मिनिटाला ६० हून जास्त झाला, छाती आत ओढली जाऊ लागली, तळहात-तळपाय पिवळे दिसले किंवा झटके आले, तर फोटो, पाहुणे सगळं बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा.