परदेशातील वंशसंहार आणि आपण : निषेध सभेला का जायचे?

बीडच्या जिल्हाधिकारी कचेरीपुढे धरणे, मोर्चे, उपोषणे ही काही नवी गोष्ट नाही. गायरान जमिनीचा प्रश्न, घरकुलाचा हप्ता, ऊसतोड मजुरांचा दर, अत्याचाराचा गुन्हा नोंदवून घेण्यातील टाळाटाळ... या मागण्यांसाठी आपल्या समाजाने त्या कचेरीपुढे किती उन्हाळे काढले, याचा हिशेब नाही. अशा जिल्ह्यात परदेशातील माणसांच्या कत्तलीविरुद्ध निषेध सभा आहे असे कळले, की वस्तीत पहिला प्रश्न ठरलेला असतो : “त्याचं आपल्याला काय?”

हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्याला सभेचा एक दिवस म्हणजे एका दिवसाची चूल. तेव्हा त्याने जाब विचारलाच पाहिजे आणि त्याला नीट उत्तरही मिळाले पाहिजे.

मागे अशाच एका सभेला आमच्या वस्तीतील चार-पाच घरची मंडळी घेऊन आम्ही गेलो होतो. सतरंज्या अंथरलेल्या होत्या. एका बाजूला मुस्लिम भगिनी लेकरे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. गाझातील उपाशी मुलांची चित्रे फलकांवर लावलेली होती. आमच्याबरोबर एक मावशी होत्या. त्यांचे सारे आयुष्य उसाच्या फडात गेलेले. भाषणे ऐकता ऐकता त्या हळूच म्हणाल्या, “तिकडच्या लेकरांसाठी हितं सभा भरली, चांगलं झालं. पर आपल्या कोपीतलं लेकरू मेलं, तर कोन येतं बोलायला?”

मावशींना पडलेला प्रश्न मोठमोठ्यांनाही पडतो. गाझाच्या प्रश्नावर मुंबईच्या आझाद मैदानावर निदर्शने करण्यास पोलिसांनी परवानगी नाकारली, म्हणून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष मुंबई उच्च न्यायालयात गेला. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली आणि आपल्या देशात प्रश्न कमी आहेत का, आधी ते पाहा, अशा अर्थाचे मत व्यक्त केले. पुढे ऑगस्टमध्ये पोलिसांनी परवानगी दिली. म्हणजे सभा घेण्याचा हक्क शेवटी मान्य झाला. पण ‘आधी घरचे पाहा’ हा विचार लोकांच्या मनात आहेच. त्याचा विचार आपण आपल्या अनुभवावरूनच करू या.

वंशसंहार म्हणजे काय?

एखाद्या जमातीला, धर्मगटाला किंवा वंशाला संपूर्ण अथवा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेली हत्या, उपासमार, जन्मबंदी, मुलांची पळवापळव म्हणजे वंशसंहार. राफाएल लेमकिन या पोलंडमधील ज्यू कायदेपंडिताने १९४४ साली या गुन्ह्याला नाव दिले. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी त्याविरुद्धचा करार संमत केला. भारताने १९५९ मध्ये त्याला मान्यता दिली आहे. म्हणजे हा विषय आपल्या देशानेही आपला मानलेला आहे.

वंशसंहाराची सुरुवात तलवारीने होत नाही, ती शब्दाने होते. १९९४ साल आपल्याला चांगले आठवते. त्या वर्षी १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि विहाराविहारांत पेढे वाटले गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आफ्रिकेतील रुआंडा देशात तुत्सी जमातीची कत्तल सुरू झाली. सुमारे शंभर दिवसांत जवळजवळ आठ लाख माणसे मारली गेली. मारणाऱ्यांत शेजारी होते, शिक्षक होते, गावचे पुढारी होते. ओळखपत्रावर जमात लिहिलेली होती, रस्त्यावर अडवून ती पाहिली जाई. आणि रेडिओवरून या माणसांना रोज ‘झुरळे’ म्हटले जात होते. माणसाला आधी किडा म्हणायचे, म्हणजे मग चिरडताना हात कापत नाही.

बांधवांनो, नाव विचारून, जात विचारून माणसाची किंमत ठरवणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत आपली घरे पेटली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना जाळून मारण्यात आले. तो वंशसंहार नव्हता. पण ज्या द्वेषातून तो वाढतो, त्या द्वेषाची धग आपण सोसलेली आहे. त्या वेळी आपल्यासाठी कोण आले? १९७९ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला. त्यात चालणाऱ्या कितीतरी जणांचे स्वतःचे घर जळालेले नव्हते. तरी ते चालले.

जगाने आपले ऐकावे, मग आपण?

परमपूज्य बाबासाहेबांनी आपला प्रश्न कधी गावकुसापुरता ठेवला नाही. अमेरिकेतील काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे आपले गाऱ्हाणे मांडले, हे कळताच १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांची स्थिती आणि काळ्यांची स्थिती यांतील साम्य त्यांनी त्या पत्रात सांगितले. ड्यु बॉइस यांनीही आपुलकीने उत्तर दिले. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी दलित पँथर स्थापन केली, तेव्हा नावही अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा जातीचा प्रश्न जगापुढे यावा म्हणून दलित कार्यकर्ते समुद्र ओलांडून गेले.

जगाने आमचे दुःख ऐकावे, असे आम्ही म्हणतो. मग जगाचे दुःख दाराशी आले की कडी लावून कसे चालेल?

मारणारा ‘आपला’ असेल तर?

खरी कसोटी पुढेच आहे. मेलेला परका असला तरी हळहळणे सोपे. पण मारणारा आपल्या धम्माचे नाव सांगणारा असेल तर? म्यानमार म्हणजे जुना ब्रह्मदेश. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब ज्या रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले, तोच हा देश. १९८२ च्या कायद्याने तेथील रोहिंग्या मुसलमानांच्या नागरिकत्वाचा आधारच काढून घेतला गेला. २५ ऑगस्ट २०१७ ला एका सशस्त्र गटाने पोलीस चौक्यांवर हल्ले केले आणि त्याचे निमित्त करून लष्कराने गावेच्या गावे जाळली. सात लाखांहून अधिक माणसे जीव घेऊन बांगलादेशात पळाली. त्याआधी विराथूसारखे चीवरधारी मुसलमानांविरुद्ध विखारी प्रवचने देत फिरत होते.

चीवर अंगावर आहे म्हणून द्वेषाला धम्म म्हणता येणार नाही, हे आपण बौद्धांनीच मोठ्याने सांगितले पाहिजे. आणि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मार्च २०१३ मध्ये मेइक्तिला शहरात दंगल उसळली, तेव्हा भिक्खू विथुद्धा यांनी शेकडो मुसलमानांना आपल्या विहारात आसरा दिला आणि दारावर आलेल्या जमावापुढे ते स्वतः उभे राहिले. पंचशील तोंडाने म्हणणे आणि आचरणे यांतला फरक तो हाच.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण कोणते दिले आहे, ते आठवा. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात भांडण पेटले. शाक्यांच्या संघाची सभा भरली. युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थ उभा राहिला आणि त्याने स्वतःच्याच लोकांच्या युद्धाला विरोध केला. ठराव प्रचंड बहुमताने त्याच्याविरुद्ध गेला. सैन्यात जाण्यास नकार दिल्यावर मृत्युदंड किंवा देशत्याग, नाहीतर घरच्यांवर बहिष्कार आणि जमीनजप्ती, असे पर्याय त्याच्यापुढे आले. त्याने घर सोडणे पत्करले. शेजाऱ्याच्या कत्तलीविरुद्ध भर सभेत उभे राहणे हा आपल्याला मिळालेला पहिलाच धडा आहे.

दूरची माणसेही उपयोगी पडतात

सभेने काय होते, असे पुष्कळजण विचारतात. रोहिंग्यांचेच उदाहरण घ्या. म्यानमारविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात ११ नोव्हेंबर २०१९ ला दावा कोणी दाखल केला? हजारो मैलांवरच्या गांबिया या चिमुकल्या आफ्रिकी देशाने. तेथील तेव्हाचे न्यायमंत्री अबुबकर तांबाडू यांनी पूर्वी रुआंडाच्या गुन्हेगारांवरील खटल्यांत काम केले होते. बांगलादेशातील छावणीत रोहिंग्यांच्या हकिकती ऐकताना त्यांना रुआंडाच आठवला. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने रोहिंग्यांच्या रक्षणाचे आदेश म्यानमारला दिले. गाझाबाबतही दक्षिण आफ्रिकेने डिसेंबर २०२३ मध्ये असाच दावा केला. सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने गाझात वंशसंहार झाल्याचा निष्कर्ष काढला. इस्रायलने तो नाकारला आहे. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसे मारली गेली, त्यांच्याबद्दलही आपल्याला तितकेच दुःख हवे. एका लेकराचे रडणे ऐकायचे आणि दुसऱ्याचे नाही, ही करुणा नव्हे.

आणि लांब कशाला जायचे? आपल्याच केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख डिसेंबर २०२४ मध्ये गावातील एका दलित सुरक्षा रक्षकाला मारहाण झाली तेव्हा धावून गेले. तीन दिवसांनी त्यांचे अपहरण करून निर्घृण खून झाला. २८ डिसेंबरला बीडमध्ये मोर्चा निघाला, त्यात सर्व जातीधर्मांची माणसे होती. ‘कोन येतं बोलायला’ याचे एक उत्तर या जिल्ह्याने स्वतः दिले आहे.

सभेला जाताना

सभा कोणी बोलावली आहे, पोलीस परवानगी आहे का, हे आधी विचारावे. ११ ऑगस्ट २०१२ रोजी आसाम आणि म्यानमारमधील हिंसाचाराच्या निषेधासाठी आझाद मैदानावर सभा झाली. तिला हिंसक वळण लागले आणि दोघांचा जीव गेला. त्या दिवसांत दुसऱ्याच घटनांची खोटी चित्रे मोबाईलवर फिरत होती. म्हणून आलेले चित्र खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नये.

घोषणा मारणाऱ्या सत्तेविरुद्ध द्यावी, कोणत्याही धर्माच्या लोकांविरुद्ध नको. तशी घोषणा कोणी दिली तर आपण साथ देऊ नये. लहान मुलांना नेल्यास पाण्याची बाटली, खाऊ बरोबर ठेवावा, कडेला बसावे, आणि प्रेतांची चित्रे त्यांना दाखवू नयेत. घरी आल्यावर मात्र त्यांच्याशी बोलावे. नकाशा काढून तो देश दाखवावा. निवेदन दिले असेल तर त्याची पोच घ्यावी आणि पुढे काय झाले, हे महिला मंडळाच्या बैठकीत विचारावे.

ज्यांना मजुरी बुडवून जाणे शक्य नाही, त्यांनी मन खट्टू करून घेऊ नये. पौर्णिमेच्या दिवशी विहारात वंदना झाल्यावर दहा मिनिटे काढावीत. शिकलेल्या मुला-मुलीने वर्तमानपत्रातील बातमी वाचून दाखवावी, ज्येष्ठांनी १९७८ च्या आठवणी सांगाव्यात. शेजारच्या मोहल्ल्यातील चार जणांना बोलावून चहा पाजावा. पुढच्या सभेची तारीख कळली, की ती विहाराच्या फळ्यावर खडूने लिहावी.