दोन मायक्रोसेकंदांचा हायड्रोजन

आवर्तसारणीत कार्बनच्या बरोबर खाली सिलिकॉन येतो. दोघांचीही संयुजा ४. मग कार्बनच्या इथिलीनमध्ये असतो तसा दुहेरी बंध सिलिकॉनच्या दोन अणूंत का आढळत नाही, असा प्रश्न एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारला, तर तो अगदी रास्त आहे. रसायनशास्त्रज्ञांनाही तो अनेक वर्षे पडला होता.

सिलिकॉनचा अणू कार्बनपेक्षा मोठा. त्यामुळे दोन अणूंमधले अंतर वाढते आणि दुसरा बंध कमकुवत राहतो. असे रेणू तयार होताच एकमेकांना जोडले जातात आणि हाती काहीच लागत नाही. १९८१ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात रॉबर्ट वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. सिलिकॉनच्या अणूंभोवती त्यांनी कार्बनी अणूंचे मोठाले गट बसवले. या गटांच्या गर्दीमुळे शेजारचा रेणू जवळ येईना, आणि दुहेरी बंध टिकला. १९९४ साली याच विद्यापीठातून सिलिलीन या प्रकारचे टिकाऊ संयुग पुढे आले. यात सिलिकॉन चारऐवजी फक्त दोनच बंध करतो. नायट्रोजनचे दोन आणि कार्बनचे दोन अणू यांच्यासह तो एका पंचकोनी कड्यात बसलेला असतो.

या रेणूंचे महत्त्व केवळ पुस्तकी नाही. सिलेन वायूचे विघटन करून सिलिकॉनचे पातळ थर तयार करतात. सौरघटांत आणि पडद्यांच्या इलेक्ट्रॉनिक मंडलांत हे थर वापरतात. या विघटनात साधे, अल्पजीवी सिलिलीन आणि सुटे हायड्रोजन अणू या दोघांचाही वावर असू शकतो. त्यांची गाठ पडली की काय होते, हे म्हणूनच जाणून घ्यायला हवे. अडचण अशी की, सुटा हायड्रोजन अणू क्षणार्धात कोठेतरी जोडला जातो. तो नेमका कोठे बसला, हे सांगणारी काही खूण त्याच्यावर नसते. शिवाय अशा क्रियेतून मुक्त मूलके तयार होतात आणि ती एकमेकांशी संयोग पावून नाहीशी होतात.

येथे एक वेगळाच अणू मदतीला येतो, तो म्हणजे म्यूओनियम. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनच्या २०७ पट जड असा मूलकण आहे. धन म्यूऑनवर प्रोटॉनइतकाच धन विद्युत्भार असतो, पण त्याचे वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे एक-नवमांश भरते. त्याने एक इलेक्ट्रॉन पकडला की म्यूओनियम अणू तयार होतो. येल विद्यापीठाचे व्हर्नन ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली आर्गॉन वायूत तो प्रथम ओळखला. त्याचा आकार हायड्रोजनपेक्षा अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरकाने वेगळा आहे. इलेक्ट्रॉन काढून घ्यायला लागणारी ऊर्जा हायड्रोजनसाठी १३.६० इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर म्यूओनियमसाठी १३.५४. म्हणजे रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा अतिशय हलका हायड्रोजनच होय.

मात्र त्याचे आयुष्य तोकडे आहे. म्यूऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंदांत क्षय पावतो. हा दोष वाटला, तरी उपयोग त्याचाच होतो. त्वरकातून येणाऱ्या म्यूऑनांच्या झोतात सर्वांचे स्पिन एकाच दिशेला असतात. चुंबकीय क्षेत्रात शिरल्यावर ते भोवऱ्यासारखे डुलू लागतात. क्षय होताना म्यूऑन एक पॉझिट्रॉन बाहेर टाकतो, आणि तो बहुधा त्या क्षणी स्पिन जिकडे असेल तिकडे जातो. नमुन्याभोवती शोधक ठेवून अशा लाखो पॉझिट्रॉनांची दिशा आणि वेळ नोंदली की डुलण्याची वारंवारता मिळते. म्यूऑन मूलकात बसलेला असेल, तर तेथील एकट्या इलेक्ट्रॉनच्या प्रभावाने एकाऐवजी दोन वारंवारता दिसतात. त्यांवरून त्या इलेक्ट्रॉनचा प्रभाव किती आहे हे कळते, आणि म्यूऑन रेणूत कोठे बसला असेल याचा अंदाज बांधता येतो. शिवाय एका वेळी नमुन्यात जवळजवळ एकच म्यूऑन असल्याने दोन मूलके भेटून नष्ट होण्याची भीती उरत नाही.

कॅनडात व्हँकुव्हर येथील ट्रायम्फ प्रयोगशाळेत सायमन फ्रेझर विद्यापीठाचे पॉल पर्सिव्हल यांच्या गटाने, वेस्ट यांच्यासह, सिलिलीनांवर असे प्रयोग केले. म्यूओनियम सिलिकॉनवरच बसतो असे आढळले. पण एका सिलिलीनच्या बाबतीत मिळालेला आकडा गणिताने अपेक्षित आकड्यापेक्षा पुष्कळच कमी निघाला. संशोधकांनी त्याचा अर्थ असा लावला की, तयार झालेले मूलक लगेच दुसऱ्या सिलिलीनला जोडले जाते आणि सिलिकॉन-सिलिकॉन बंध तयार होतो. एका हलक्या अणूच्या धक्क्याने साखळीची पहिली कडी पडते, आणि तीही म्यूऑनच्या आयुष्याच्या आत!

वर्गात हा विषय समस्थानिकांच्या पाठाला जोडून घेता येईल. म्यूओनियम, हायड्रोजन, ड्यूटेरियम आणि ट्रिटियम यांची वस्तुमाने फळ्यावर लिहावीत. पहिल्यापेक्षा शेवटचा २६ पटींहून अधिक जड आहे, तरी चौघेही हायड्रोजनसारखेच वागतात. असे का, हे विद्यार्थ्यांना विचारावे. मूलद्रव्याचे रसायन ठरते ते केंद्रस्थानी असलेल्या विद्युत्भारावरून. वस्तुमानाने बदलतो तो मुख्यतः क्रियेचा वेग. पाठ्यपुस्तकातली ही व्याख्या आपण एका वाक्यात सांगून पुढे जातो. प्रोटॉनच नसलेला हा हायड्रोजन समोर ठेवला, तर ती विद्यार्थ्यांना स्वतः तपासून पाहता येईल.