लाळग्रंथीतली चंद्रकोर

जिभेखालच्या लाळग्रंथीचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की दोन तऱ्हेच्या पेशी नजरेत भरतात. काही फिकट, फेसाळ. त्यांचं केंद्रक तळाशी दाबलं जाऊन चपटं झालेलं. या श्लेष्मल पेशींच्या बुळबुळीत स्रावामुळे घास घशाखाली विनासायास उतरतो. दुसऱ्या सीरस पेशी गडद, गोल केंद्रकाच्या. त्यांचा स्राव पाण्यासारखा पातळ, पण प्रथिनांनी भरलेला. कानापुढच्या ग्रंथीत, म्हणजे गालगुंडात सुजते त्या ग्रंथीत, जवळपास सगळ्या सीरस पेशीच असतात. भात तोंडात असतानाच त्यातल्या पिष्टाचं विघटन सुरू करणारं अमायलेझ मुख्यतः तिथलं.

पेशींच्या पुंजक्यांतून निघालेली लाळ नलिकांतून वाहते. यांतल्या काही नलिकांच्या पेशींना तळाशी उभ्या रेघा दिसतात. तिथे पेशीपटलाला खोल घड्या पडलेल्या असतात आणि घड्यांमध्ये मायटोकाँड्रिया दाटीवाटीने उभे असतात. त्यांनी पुरवलेली ऊर्जा खर्चून या पेशी लाळेतलं सोडियम परत शोषून घेतात. क्लोराइडही माघारी जातं, पाणी मात्र फारसं जात नाही. म्हणून लाळ रक्ताइतकी खारट लागत नाही.

काचपट्टीवर आणखी एक आकृती हमखास सापडते. श्लेष्मल पेशींच्या पुंजक्याला बाहेरून बिलगलेली, सीरस पेशींची गडद चंद्रकोर. इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ ज्युसेप्पे जानुझी यांनी 1865 मध्ये तिचं वर्णन केलं आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे शंभराहून अधिक वर्षं विद्यार्थ्यांनी ती वहीत रेखाटली.

1999 मध्ये यामाशिना आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी उंदराच्या जिभेखालची ग्रंथी नेहमीच्या रसायनांत न बुडवता क्षणार्धात गोठवली. चंद्रकोर गायब! सीरस पेशी श्लेष्मल पेशींच्या शेजारीच, एका रांगेत, मधल्या पोकळीपर्यंत पोचलेल्या दिसल्या.

मग कोर आली कुठून? नेहमीच्या पद्धतीत रसायन आत झिरपेपर्यंत श्लेष्मल पेशींतले कण फुगतात. पेशीही फुगते आणि शेजारच्या सीरस पेशीला रेटून पुंजक्याच्या कडेला ढकलते. तिचं अंग असं चेपलं जातं, की पोकळीपर्यंतची तिची वाट कापात दिसेनाशी होते.

रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत मात्र ग्रंथीचे तुकडे आजही फॉर्मॅलिनमध्येच टिकवले जातात. त्यामुळे तिथल्या काचपट्ट्यांवर कोर अजून उमटते, आणि मिश्र ग्रंथी ओळखण्याची खूण म्हणून ती वापरलीही जाते.